साच्यातलं पाणी

१

बातमी आली त्या दिवशी मी जिन्यातला बल्ब बदलत होते आणि वहिनी खाली स्टूल धरून उभी होती. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. दादा तो सारखा करून देणार होता. गेली कित्येक वर्षं करूनच देणार होता. मी वर हात करून जुना बल्ब काढला, नवा खोबणीत टेकवला, आणि खालच्या खोलीत फोन वाजला.

"हलू नका हं वन्सं," वहिनी म्हणाली आणि स्टूल सोडून गेली.

मी भिंतीला एक हात लावून, श्वाससुद्धा बेताने घेत उभी राहिले. वहिनीचा आवाज वर येत होता. "हो, मीच." मग "हो." मग बराच वेळ काही नाही. आणि मग, घरी आलेल्या पाहुण्याची चौकशी करावी तशा आवाजात, "त्यांना पाणी दिलंत का?"

ती परत आली. तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

"कुणाचा होता?" मी विचारलं.

"बल्ब लावून घ्या आधी."

मी बल्ब लावला. जिना उजळला. मी खाली उतरून दोन्ही पाय जमिनीवर टेकवल्यावर मगच तिने सांगितलं. दादा काच आणायला गेला होता. काचवालीच्या गोदामात एका खोक्यावर बसला, प्यायला पाणी मागितलं, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत गेला.

मी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली, आता घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्याच्या वाक्यात कुठे काय कमी आहे ते मला पटकन दिसतं. त्या दिवशी वहिनीच्या वाक्यात काहीही कमी नव्हतं.

२

आमचं घर तीन मजली पण अरुंद आहे. खाली दादा-वहिनी, मध्ये सामान, वर मी. मागच्या अंगणात दादाची काम करायची खोली. तो काचेच्या वस्तू ओतायचा. फुंकून करतात त्या फुलदाण्या नव्हेत. भरीव, जड, हातात घेतल्यावर दचकायला व्हावं अशा. कडी-कोयंडा, हातमोजा, उशी, अर्धवट उघडा ड्रॉवर. लोक बघायला यायचे आणि उशीवर बोट दाबून बघायचे. दादाला त्याचं फार हसू यायचं.

दुपारचा चहा तो स्वतः करायचा, त्या खोलीतच. झाला की कपाच्या काठावर चमचा दोनदा वाजवायचा. टिंग टिंग. ते ऐकू आलं की वहिनी स्वयंपाकघरातून "आले आले" म्हणायची आणि मी वरून उतरायची. आम्हाला उशीर झाला तर आमच्या कपांवर बश्या झाकलेल्या असायच्या. निळ्या काठाचे तीन कप. माझ्या कपाच्या कानाचा टवका उडालेला, त्यामुळे ओळखायला सोपा.

तो गेला तेव्हा त्याच्या टेबलावर एक साचा तयार होता.

साचा म्हणजे काय ते सांगायला हवं. आधी हवी ती वस्तू मेणाची करतात. तिच्याभोवती प्लॅस्टर आणि गारगोटीची पूड कालवून ओततात. ते घट्ट झालं की वाफ देऊन आतलं मेण वितळवून काढून टाकतात. उरतो एक पांढरा ठोकळा, वर एक तोंड, आणि आत वस्तूच्या आकाराची पोकळी. साच्याच्या डोक्यावर भोक असलेली मातीची कुंडी ठेवतात, कुंडीत काचेचे तुकडे, आणि सगळं भट्टीत. काच पातळ झाली की कुंडीच्या भोकातून मधासारखी हळूहळू खाली उतरते आणि पोकळी भरते. मग भट्टी हळूहळू निववायची. घाई केली तर काच तडकते.

म्हणजे मेण काढून टाकल्यापासून काच बाहेर येईपर्यंत ती वस्तू जगात कुठेच नसते. फक्त तिची जागा असते.

या वेळी दादाने मेणाची वस्तू आम्हाला दाखवली नव्हती. ओलं फडकं टाकून झाकून ठेवायचा. वहिनीने फडक्याकडे हात नेला की हातावर चापट मारायचा. "झाल्यावर बघा."

"माझं काहीतरी असणार," वहिनी एकदा म्हणाली. दादाला जाऊन काही आठवडे झाले होते, आम्ही त्या खोलीत धूळ पुसत होतो. "इतक्या वर्षांत कड्या केल्या, कुलपं केली, माझ्या पोळपाटावर डोळा होता त्यांचा. मला मात्र कधी केलं नाही. मी म्हणायचे, मी काय कुलपापेक्षा वाईट दिसते का?"

"मग तो काय म्हणायचा?"

"म्हणायचे, कुलूप हलत नाही, बोलत नाही." ती हसली, आणि मग साच्याकडे बघत राहिली. तिचा हात ठोकळ्यावर होता. "वन्सं, मला बघायचंय आत काय आहे ते. आपण ओतू या."

"आपण?"

"मी किती वर्षं बघत आले आहे सगळं. तुम्ही फक्त सामान आणून द्या. मला त्या गोदामात पाय नाही टाकवणार."

३

सामान आणायला मी निघाले, आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यात पहिल्यांदाच मला बरं वाटलं. आपण अमुक एका वस्तूसाठी बाहेर पडलो आहोत, ती मिळेल किंवा मिळणार नाही, मिळाली तर पिशवीत घालून घरी आणता येईल, यात केवढा आराम असतो.

साच्याला एका बाजूला बारीक चीर होती, ती बुजवायला प्लॅस्टर हवं होतं. दादा ते दातांच्या डॉक्टरांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून आणायचा, कारण तिथलं सर्वांत बारीक असतं. दुकानदार जबड्यांच्या ओळीमागे बसला होता.

"कुठला दवाखाना?"

"दवाखाना नाही. भट्टी."

"भट्टीत दात?"

मी दादाबद्दल सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर ओळख आली. "म्हणजे ते उशीवाले! मला म्हणायचे, तुझ्या दुकानात पाऊल टाकलं की माझी दाढ ठणकायला लागते." तो हसला आणि माझा चेहरा बघून थांबला. मग त्याने न विचारता पुडा दुहेरी पिशवीत घातला. "आणखी काय?"

"आरसा. तोंडात घालतात तो. साच्यात मेण राहिलंय का बघायला." वहिनीने पढवून पाठवलं होतं, जुना आरसा धुराने काळा झाला होता.

त्याने लांब दांड्याचा, नखाएवढा गोल आरसा काढून दिला. "यात बघताना एक लक्षात ठेवा हं बाई. फुगीर आहे ना, त्यामुळे जवळचं लांब वाटतं. नवीन डॉक्टर घाबरतात. त्यांना वाटतं, एवढं मोठं तोंड कुणाचं!"

येताना रोपं विकणाऱ्याकडून मातीची कुंडी घेतली. बिनरंगाची, खाली एकच भोक असलेली. "कोणतं झाड लावणार?" त्याने विचारलं. काच, असं म्हणायचं मी टाळलं. तोंडावर बांधायचे जाड मास्क घेतले, भट्टीत साच्याखाली ठेवायच्या फरशा घेतल्या, घासायचे कागद घेतले. घरी आले तेव्हा वहिनीने सगळं टेबलावर मांडून बघितलं, नव्या स्वयंपाकघराचं सामान बघावं तसं.

"आता फक्त काच," ती म्हणाली.

४

काचवालीचं गोदाम म्हणजे उंच छताची थंड खोली. भिंतीला लागून लाकडी खोकी, खोक्यांत काचेच्या विटा. वरच्या खिडकीतून उजेड येतो तो विटांवर पडून छतावर जातो, त्यामुळे आपण पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. काचवाली जाडजूड बाई, कमरेला कातडी पट्टा. तिने मला बघितलं आणि आधी एका खोक्यासमोर जाऊन उभी राहिली, मला ते दिसू नये म्हणून. म्हणून मला कळलं की तेच ते खोकं.

"त्यांची काच मी बाजूला काढून ठेवली आहे," ती म्हणाली. "निवडून झाली होती त्यांची."

तिने गोणपाट बाजूला केलं. माझा दादा नेहमी बिनरंगाची काच घ्यायचा. ही फिकट तपकिरी होती.

"मीही म्हटलं त्यांना, आज रंगीत कशी काय? तर म्हणाले, चहासारखी हवी. बिनदुधाच्या." तिने एक वीट उचलून उजेडात धरली. खरंच, कपाच्या तळाशी राहतो तसा रंग होता. "आणि भरपूर द्या म्हणाले. मी विचारलं, वस्तू केवढी आहे? त्यांनी हाताने दाखवली, एवढीशी." तिने आपल्या दोन तळव्यांत नारळाएवढं अंतर धरलं. "म्हटलं, मग एवढी काच कशाला लागेल? तर हसले. म्हणाले, आत जागा बरीच आहे."

"म्हणजे?"

"मला वाटलं गंमत करताहेत. नंतर बसले आणि पाणी मागितलं." तिने पट्ट्याला हात पुसले. "तो ग्लास मी तसाच भरलेला परत नेला हो. ओतून टाकताना हात होईना."

टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून मी काच घरी आणली. रस्त्यात खड्डा आला की मागे विटा एकमेकींवर वाजत होत्या. टिंग. आणि लगेच पुन्हा, टिंग.

५

काच किती घालायची हे पाण्यावरून ठरवतात. साच्याची पोकळी पाण्याने भरायची, ते पाणी ओतून वजन करायचं, आणि त्याच्या अडीचपट काच. हे मेण काढल्या काढल्या करायचं असतं, साचा वाफेने ओला असतो तेव्हा. आमचा साचा वाळून खडखडीत झाला होता. वाळलेलं प्लॅस्टर पाणी पितं. माप चुकतं, शिवाय साचा कच्चा होतो. हे वहिनीला माहीत होतं. पण इतके दिवस नुसतं बघत असलेल्या माणसाच्या हातून होते ती चूक झाली: तिला कृती पाठ होती, वेळ विसरली.

मी तांब्याने पाणी ओतू लागले. दादाने काढलेलं मेण परातीत तसंच थिजून पडलं होतं, फार तर दोन वाट्यांचं. म्हणजे तेवढंच पाणी जायला हवं. एक तांब्या गेला. तोंडाशी पाणी दिसेना. दुसरा गेला.

"पितोय," वहिनी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "अगं बाई! वाळलेल्या साच्यात ओतलं आपण! ह्यांनी बघितलं असतं तर दोघींना भट्टीत घातलं असतं."

आम्ही हसलो. मी तिसरा तांब्या ओतला, चूक झालीच आहे तर किती पितोय बघू म्हणून. मग वहिनीने बादली आणली.

खाली टेबल कोरडं होतं. मी वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. ठोकळा बाहेरून जरासा ओलसर झाला होता, एवढंच. बादली निम्मी झाली तेव्हा मी थांबले, आणि त्या शांततेत साच्याच्या तोंडातून आवाज आला. घटाघट. मोठ्या घोटांनी, न थांबता, उन्हातून आलेला माणूस पितो तसा.

"हवेचे बुडबुडे," मी म्हणाले. "प्लॅस्टरच्या छिद्रांतली हवा बाहेर येते, पाणी आत जातं. शाळेत प्रयोग करायचो आम्ही, खडू पाण्यात टाकून."

"हो," वहिनी म्हणाली.

आवाज थांबला. मग, पाणी पिऊन झाल्यावर माझा भाऊ लहानपणापासून जसा सोडायचा तसा एक लांब, समाधानाचा उसासा. खडू तसं करत नाही.

वहिनीने माझ्या हातातला तांब्या घेतला. तिचा चेहरा मला नीट आठवतो. त्या महिन्याभरात पहिल्यांदाच त्यावरचा ताण सैल झाला होता.

"ओता अजून," ती म्हणाली, आणि तांब्या तिच्याच हातात असल्यामुळे स्वतःच ओतू लागली.

६

साचा पुन्हा वाळायला हवा म्हणून आम्ही तो खिडकीपाशी ठेवला. तसं ठरलं होतं. पण सकाळी मी खाली आले की वहिनी अंगणातून येताना दिसायची, हातात रिकामा तांब्या.

"झाडांना घातलं," ती म्हणायची.

अंगणात झाड नाही.

मलाही त्या खोलीत बसावंसं वाटू लागलं होतं. मुद्रितं घेऊन मी तिथेच जायची. खिडकीतून ऊन यायचं, टेबलावर चहाच्या रंगाची काच चमकायची, पेन्सिलचा आवाज आणि बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा. दुःख होतंच. पण ते आता शेजारी बसलेलं होतं, छातीवर नव्हे.

एके दिवशी उठताना माझा हात साच्याला लागला. तो कोमट होता.

ऊन, मी मनाशी म्हटलं. पण ती बाजू सावलीची होती. मग मला आठवलं आणि मी वहिनीला सांगितलं, "प्लॅस्टर भिजलं की गरम होतं ना."

"ते एकदाच, वन्सं. पहिल्यांदा घट्ट होताना." ती भांडी पुसत होती. "नंतर कितीही भिजवा, गारच."

"मग?"

"मग काय. वाळतोय."

त्या संध्याकाळी चहा करायला मी कप काढायला गेले, तर फळीवर निळ्या काठाचे कप नव्हते. दादाचा तर त्याच्या खोलीत असायचा. तो तिथेही दिसला नाही. वहिनीचा नाही, माझा टवका उडालेला नाही. आम्ही स्टीलच्या पेल्यांतून चहा प्यायलो.

"फुटले असतील," वहिनी म्हणाली.

"तिन्ही? आणि आवाज न होता?"

"तुम्ही गोड झालाय का ते सांगा आधी."

गोड झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरच्या खोलीत डुलकी काढत होते. टिंग टिंग. मी पायांत चपला सरकवून दोन पायऱ्या उतरलेही. मग थांबले. खालून वहिनीचा आवाज आला, नेहमीचा, कामात असलेल्या बाईचा.

"आले आले."

ती कुणाला म्हणाली हे मी विचारलं नाही. पायऱ्या पुन्हा चढून वर गेले आणि पलंगावर बसले. गंमत म्हणजे, मी हसत होते.

७

साच्यात मेण राहिलं आहे का ते बघायलाच हवं होतं. राहिलेलं मेण भट्टीत जळतं आणि काच काळवंडते. वहिनी बाजारात गेली होती. मी आरसा घेतला, बॅटरी घेतली, आणि भर दुपारी, दार उघडं ठेवून, साच्याच्या तोंडाशी वाकले.

दुकानदाराचं वाक्य लक्षात होतं. जवळचं लांब वाटतं.

आधी फक्त पांढरं दिसलं. बॅटरी नीट धरली तेव्हा तो पांढरेपणा मागे सरकला आणि भिंत झाली. तिला कोपरा होता. मी आरसा जरा वळवला. लाकडाची कड दिसली, टेबलाची असते तशी, तिच्यावर उजेड. मी बॅटरी बंद करून पाहिली. उजेड गेला नाही. तो डावीकडून येत होता, दुपारच्या खिडकीतून येतो तसा.

टेबलावर तीन कप होते, निळ्या काठाचे. दोहोंवर बश्या झाकलेल्या. झाकलेल्यांपैकी एकाच्या कानाचा टवका उडालेला होता.

तिसऱ्या कपाभोवती बोटं होती. मला फक्त बोटंच दिसली, मनगटापर्यंतसुद्धा नाही. नखांत प्लॅस्टर होतं. एक बोट कपावर हळूहळू आपटत होतं, वाट बघणाऱ्या माणसाचं आपटतं तसं. चिडून नव्हे. त्याला घाई नव्हती.

मग ते बोट थांबलं. थांबलं ते का, हे मला कळलं, कारण आरशात दिसणाऱ्याला आरसाही दिसतो.

मी आरसा बाहेर काढला. त्याची काच वाफेने धुरकट झाली होती. ती मी पदराने पुसली, आरसा पुड्यात घातला, पुडा ड्रॉवरमध्ये. एवढं सगळं नीट केलं. त्या वेळी मनात भीती नव्हती असं नाही. पण तिच्याही आधी जो विचार आला तो असा: माझा चहा गार होत असेल.

८

आठवड्याभरात जिन्यातला बल्ब पुन्हा गेला. मी स्टूल आणलं. वहिनी धरायला आली. मी चढले, हात वर केला, आणि तशीच राहिले.

स्टूल हलत नव्हतं.

मी मुद्दाम एका पायावर भार दिला, मग दुसऱ्या. घट्ट. वरून मला आखूड पाय दिसत होता. तो आखूड राहिला नव्हता. ताज्या लाकडाचा एक लहान तुकडा त्याला खालून नीट बसवलेला होता, कडा घासून गोल केलेल्या.

"वहिनी," मी म्हणाले, "हे स्टूल..."

तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं, गरज नसताना. तिने वर बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली. "बल्ब लावून घ्या आधी."

मी लावला. खाली उतरले. आम्ही जिन्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसलो, लहान मुली बसतात तशा. इथे मी तिला सगळं सांगायला हवं होतं: टेबल, बश्या, बोटं. ती मला काय सांगणार होती ते मला माहीत नाही. तिने वेगळंच सांगितलं.

"वन्सं, कुंडी फुटली."

"कधी?"

"सकाळी. हातातून निसटली."

मी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. कुंडीचे तुकडे केराच्या डब्यात होते. हातातून निसटलेल्या कुंडीचे चार-सहा तुकडे होतात. हिचा चुरा झाला होता, आणि खलबत्त्यातला दगडी बत्ता धुऊन वाळत ठेवलेला होता.

भट्टी साफ होती. फरशा मांडलेल्या, काच धुऊन पुसलेली, मास्क खुंटीला. चीर बुजवलेली. त्या दिवशी कुंडी असती तर आम्हाला ओतायला काहीच अडचण नव्हती. ओतल्यावर काय होतं तेही दोघींना ठाऊक होतं. काच आत उतरते, कोपऱ्या-कोपऱ्यात जाते, सगळी जागा भरून टाकते. नंतर साचा फोडतात. वस्तू हातात येते, आणि वहिनीला कळलं असतं की त्याने शेवटी काय केलं, ते तिच्यासाठी होतं का. पण आत जागा उरत नाही.

"मी दुसरी घेऊन येते," मी म्हणाले.

"या," वहिनी म्हणाली. "सावकाश या."

रोपवाल्याकडे बिनरंगाच्या कुंड्यांची चळत होती, पाहिजे त्या मापाची, खाली एकेक भोक. मी समोर उभी राहून त्या बघितल्या. "त्या झाडाचं काय झालं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "रुजलंय." मग मी घरी आले आणि वहिनीला सांगितलं, आपल्या मापाची मिळाली नाही.

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि पेल्यात चहा ओतला. मग तिने पेल्याकडे बघून हळूच विचारलं, "तिथला कसा असेल हो? ह्यांना साखर जास्त घालायची सवय."

मी म्हणाले, "झाकून ठेवलेला आहे."

९

आता दिवस बरे जातात. वहिनी सकाळी तांब्या घेऊन अंगणात जाते. मी मुद्रितं घेऊन खिडकीपाशी बसते. साच्याचा एक कोपरा पाण्याने मऊ पडला आहे, बोट लावलं की पांढरं पीठ हाताला येतं. तो फार टिकणार नाही. तो संपल्यावर आतलं कुठे जाईल, की बाहेर येईल, की आम्हीच आत असू, यावर मी विचार करते आणि मग पुढचं पान तपासायला घेते. पूर्वी असला विचार मला रात्रभर जागवायचा.

दुपारी चमचा वाजतो. आजकाल तो दोनदा वाजून थांबत नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजतो, आठवण करून दिल्यासारखा. वहिनी पदराला हात पुसते, "आले आले" म्हणते, आणि उठत नाही. मीही तोंडातल्या तोंडात म्हणते. मग दोघी एकमेकींकडे बघतो, आणि तिला हसू येतं.

परवा दातवाल्या दुकानदाराने रस्त्यात गाठलं. "काय बाई, झाली का वस्तू?"

"सामान जमवतोय," मी म्हणाले.

"अजून?"

काच आहे. प्लॅस्टर आहे. फरशा, मास्क, घासायचे कागद, सगळं आहे. कुंडी तेवढी आणायची राहिली आहे.